अण्णाभाऊंची 'मैना' महाराष्ट्रभर पोचवणारा आवाज बार्शीच्या मेहबूब पटेल यांचा होता

मार्गशीर्ष महिना आला की नांदेड-लातूर रोडवरच्या माळेगावात गर्दी व्हायला लागते. लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं गाव. घोडे, गाढवं, उंट, बैल, कुस्त्या, लावणी असं सगळं काही या यात्रेत असतं. पण त्या गोंधळात कुठंतरी वाघ्या-मुरळी जागरण घालत असतात, तिथं पाच मिनिटं थांबून नीट ऐका. एक जण गाण्याची ओळ उचलतो. मागचे दोघं-तिघं ती ओळ झेलतात, वर चढवतात आणि पुन्हा त्याच्या हातात देतात. वाद्यं म्हणाल तर दिमडी, तुणतुणं आणि घोळ. वीज लागत नाही, स्टेज लागत नाही.

शाहिरीत या मागच्या लोकांना झीलकरी म्हणतात. पोवाड्यातलं ते 'जी जी रं जी' म्हणजे त्यांचीच झील. मुख्य शाहीर दम घेतो तेवढ्यात गाणं खाली पडू द्यायचं नाही, हे त्यांचं काम.

हीच जुनी मांडणी घेऊन 1940 च्या दशकात तीन तरुणांनी मुंबईत एक ग्रुप काढला. देवाच्या आणि राजांच्या गाण्यांच्या जागी त्यांनी दुष्काळ, महागाई, संप, युद्ध आणि पुढं संयुक्त महाराष्ट्र आणला. गाणी सगळी स्वतःची, नवीकोरी. ग्रुपचं नाव होतं लाल बावटा कलापथक.

यातले अण्णाभाऊ साठे आपल्या सगळ्यांना माहितीयेत. गावोगावी त्यांचे पुतळे आहेत, जयंतीच्या मिरवणुका निघतात. दुसरे द. ना. गव्हाणकर. आणि तिसरे, ज्यांच्या गळ्यातून ही गाणी लाखो लोकांच्या कानावर पडली, ते शाहीर अमर शेख.

आजची गोष्ट या तिसऱ्या माणसाची.

मेहबूब पटेलचा अमर शेख कसा झाला ?

20 ऑक्टोबर 1916. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत एका गरीब मुसलमान घरात मुलगा जन्मला. नाव ठेवलं मेहबूब हुसेन पटेल. बार्शी म्हणजे मराठवाड्याच्या उंबऱ्यावरचं गाव. इकडं इंग्रजांचा मुलूख आणि काही मैल पलीकडं निजामाचं राज्य सुरू व्हायचं.

आईचं नाव मुनेरबी. तिला जात्यावरची, सणावाराची गाणी तोंडपाठ होती. अमर शेखांची गाण्याची शाळा म्हणजे ही आई. पुढं त्यांच्या गाण्यांमध्ये खेड्यातल्या बाईची बोली, तिच्या चाली, तिची दुःखं इतकी सहज यायची, त्याचं मूळ या घरात होतं.

घरात पैसा नव्हता. त्यामुळं पोराने लहान वयातच मिळेल ते काम धरलं. पाणी भरलं, मोटारगाडीवर क्लीनर म्हणून राबला आणि नंतर गिरणीत कामाला लागला. बार्शी तेव्हा कापड गिरण्यांचं गाव होतं. तिथं कामगारांचा संप झाला आणि त्यात हा पोरगा पुढं होता. परिणाम व्हायचा तोच झाला. तुरुंगाची हवा खावी लागली.

विसापूरच्या तुरुंगात त्यांची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली. उपाशी माणूस उपाशी का राहतो, या प्रश्नाचं राजकीय उत्तर त्यांना इथं सापडलं आणि ते कम्युनिस्ट चळवळीकडं ओढले गेले.

नंतर बार्शी सुटली. ते कोल्हापूरला आले आणि मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत कामाला लागले. कोल्हापूर म्हणजे तेव्हा मराठी सिनेमाची राजधानी. तिथल्या मित्रांनी त्यांचं नाव बदललं आणि मेहबूब पटेलचा अमर शेख झाला. हेच नाव पुढं पोस्टरवर, पुस्तकांवर आणि पोलिसांच्या कागदावर लागलं.

तीन माणसं, तीन वाटा आणि एक डफ

आता मुंबईत येऊ.

1940 च्या दशकातली मुंबई म्हणजे गिरण्यांची मुंबई. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड या भागात कोकणातले, घाटावरचे कामगार दाटीवाटीने राहायचे. बायकापोरं गावाकडं, आपण इथं. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणं झोपायचं. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. पेपरमधला अग्रलेख त्यांच्यासाठी बिनकामाचा होता. पण तमाशा, भजन, पोवाडा हे त्यांच्या रक्तात होतं.

याच मुंबईत वाटेगावहून अण्णाभाऊ साठे आले होते. मांग समाजातला मुलगा, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला, बापाबरोबर चालत मुंबई गाठलेला. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहून ते लिहायला-वाचायला शिकले आणि गाणी रचायला लागले. द. ना. गव्हाणकरही गाणी रचायचे आणि गायचे.

1943-44 च्या सुमारास हे तिघं एकत्र आले आणि लाल बावटा कलापथक उभं राहिलं. एक मुसलमान, एक मांग, एक गव्हाणकर. तिघांना बांधणारी गोष्ट म्हणजे डफ आणि लाल झेंडा. 1943 मध्येच मुंबईत 'इप्टा' म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची स्थापना झाली होती. देशभरातले डावे कलावंत रस्त्यावर उतरत होते, त्याचाच हा मराठी अवतार होता.

कलापथकाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गाण्याची चाल ओळखीची ठेवायची. लावणी, पोवाडा, गोंधळ, छक्कड यांच्या चाली कामगाराच्या कानात आधीच बसलेल्या असायच्या. त्यात शब्द तेवढे नवे भरायचे. म्हणजे दुसऱ्या कडव्यापासून समोरचा माणूस आपोआप गायला लागायचा. हजारो लोकांची झील तयार व्हायची.

दुसरी गोष्ट म्हणजे सामान कमी ठेवायचं. डफ, ढोलकी, तुणतुणं, झांज. पोलीस आले तर पाच मिनिटांत गुंडाळता यायला पाहिजे.

तिसरी गोष्ट अण्णाभाऊंनी केली. तमाशाच्या सुरवातीला गणपतीचा गण असतो, मग गवळण येते. अण्णाभाऊंनी गवळण काढून टाकली आणि गणातलं वंदन मातृभूमीला, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना अर्पण केलं. सांगाडा तमाशाचाच ठेवला, आतला माल बदलला. यालाच पुढं लोकनाट्य म्हणायला लागले.

विषय कुठले ? अण्णाभाऊंनी 1943 मध्ये स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. हिटलरच्या फौजेला रशियात कसं अडवलं, ही गोष्ट लालबागच्या चाळीत डफावर सांगितली जात होती. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली, तेव्हा 'बंगालची हाक' आलं. काळ्या बाजारावर पोवाडा आला. आणि आपल्याकडच्या वाचकांना जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे तेलंगणातल्या शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध हत्यार उचललं, त्यावरही अण्णाभाऊंचा पोवाडा आहे. तेव्हा लोहा, कंधार, नांदेड आणि तेलंगणा हे सगळं एकाच निजामाच्या राज्यात होतं. म्हणजे तो पोवाडा आपल्या शेजाऱ्यांचा होता.

अमर शेख नेमकं काय करायचे ?

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. गाणं लिहिणं आणि गाणं पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

कलापथकातली अनेक गाजलेली गाणी अण्णाभाऊंच्या लेखणीतली. पण मैदानात पन्नास हजार माणूस बसलेला असताना शेवटच्या माणसापर्यंत शब्द न शब्द पोचवायचा तर त्यासाठी गळा लागतो. अमर शेखांचा आवाज पहाडी होता. उंच, खडा, लांब पल्ल्याचा. हातात डफ घेऊन ते उभे राहिले की सभा सावरून बसायची. नुसता आवाज मोठा होता असंही नाही. वीररसातून ते एकदम आईच्या मायेच्या ओळीवर यायचे आणि तोच आवाज मऊ व्हायचा.

याच काळात अमेरिकेतही असंच काहीतरी चाललं होतं. 1941 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पीट सीगर, ली हेज, मिलार्ड लॅम्पेल या पोरांनी 'अल्मनॅक सिंगर्स' नावाचा ग्रुप काढला. वुडी गथ्री त्यांना येऊन मिळाला. गिटार, बँजो आणि चार-पाच गळे. जुन्या लोकगीतांच्या चाली घ्यायच्या, त्यात कामगार युनियनचे शब्द भरायचे आणि सभेत जाऊन गायचे. मुंबईच्या आणि न्यूयॉर्कच्या पोरांना एकमेकांची नक्कल करायची गरज नव्हती. उपाशी कामगार दोन्हीकडं होता आणि लोकगीतंही दोन्हीकडं होती.

फरक गळ्यांच्या मांडणीत होता. अमेरिकन ग्रुपमध्ये एकाच वेळी प्रत्येक जण वेगवेगळ्या सुरावर गातो आणि ते सूर एकमेकांत बसतात, त्याला हार्मनी म्हणतात. आपल्याकडं झीलकरी मुख्य शाहिराचाच सूर पकडतात आणि त्याची ओळ पुढं खेचतात. तिथं सूर थरावर थर रचले जातात, इथं ओळ हातोहात दिली जाते.

सरकारांना मात्र दोन्ही प्रकार सारखेच झोंबले. 1948 नंतर कम्युनिस्टांवर धरपकडीचं सत्र सुरू झालं. मुंबई राज्याच्या सरकारने लाल बावटा कलापथकावर बंदी घातली. तिकडं सीगर आणि हेज यांनी 1948 मध्ये 'द वीव्हर्स' हा नवा ग्रुप काढला. 1950 साली त्यांचं 'गुडनाइट आयरीन' अमेरिकेत नंबर एकला गेलं आणि थोड्याच दिवसांत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून रेडिओ, टीव्ही, हॉटेलं सगळ्यांनी त्यांना दारं बंद केली.

बंदीनंतर अमर शेख गप्प बसले का ? तर नाही. 1951 मध्ये त्यांचा 'अमरगीत' हा गीतसंग्रह आला. त्याच वर्षी 'पहिला बळी' हे नाटक आलं. म्हणजे ते फक्त दुसऱ्याची गाणी गाणारे नव्हते. स्वतः लिहायचे आणि तेही भरपूर. पुढं 1958 मध्ये 'कलश' आणि 1963 मध्ये 'धरतीमाता' हे कवितासंग्रह आले. आचार्य अत्रे तर त्यांची तुलना रशियाचा क्रांतिकवी मायकोव्हस्की याच्याशी करायचे.

आणि मग मैना आली

1955-56 चा काळ. भाषावार राज्यं करायची ठरलं, पण मुंबई महाराष्ट्राला द्यायला दिल्ली तयार नव्हती. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनवर मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि लोक पुन्हा रस्त्यावर आले, पुन्हा गोळ्या चालल्या. या आंदोलनात शंभरावर माणसं हुतात्मा झाली. 6 फेब्रुवारी 1956 ला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली.

तेव्हा टीव्ही नव्हता आणि रेडिओ सरकारचा होता. समितीकडं काय होतं ? अत्र्यांचा 'मराठा' पेपर आला तो 1956 च्या शेवटी. त्याआधी आणि त्यानंतरही गावोगावच्या लोकांपर्यंत पोचायचं साधन म्हणजे सभा आणि शाहीर. अमर शेख, अण्णाभाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील अशा शाहिरांनी अख्खा मुलूख पिंजून काढला.

अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड याच आंदोलनाची. वरवर पाहिलं तर हे एका कामगाराचं विरहगीत आहे. पोट भरायला तो मुंबईला आलाय आणि बायको गावात राहिलीय. समोर बसलेल्या गिरणी कामगाराला वाटायचं, अरे ही तर माझीच गोष्ट आहे. त्याच्या डोळ्यात पाणी यायचं. आणि मग गाणं वळण घ्यायचं. जशी त्याची मैना त्याच्यापासून तुटली, तसे बेळगाव, कारवार, निपाणी हे मराठी मुलूख महाराष्ट्रापासून तुटलेत. दोन मिनिटांत बायकोच्या आठवणीचं रूपांतर राज्याच्या नकाशात व्हायचं.

ही करामत अण्णाभाऊंच्या लेखणीची. पण सभांमागून सभांमध्ये ती लोकांच्या काळजात उतरवली अमर शेखांच्या आवाजाने. गाण्याचा पहिला अर्धा भाग हळवा, दुसरा अर्धा भाग ललकारीचा. दोन्ही पेलणारा गळा पाहिजे होता आणि तो त्यांच्याकडं होता.

आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं आणि नांदेडसकट मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. लोह्यात आज आपण महाराष्ट्र दिन साजरा करतो, त्यात या शाहिरांच्या फाटलेल्या गळ्यांचाही वाटा आहे. पण गाण्यातली मैना मात्र पूर्ण घरी आली नाही. बेळगाव, कारवार, निपाणी तिकडंच राहिले.

अमर शेख एका आंदोलनापुरते मर्यादित नव्हते. गोवा मुक्तीच्या लढ्यात ते गायले. 1962 मध्ये चीनने आक्रमण केलं, तेव्हा जवानांसाठी त्यांनी गाणी केली, कार्यक्रम केले, निधी गोळा केला. आयुष्यभर लाल झेंडा धरलेल्या माणसाने चीनविरुद्ध डफ उचलला, हे तेव्हा अनेकांनी पाहिलं.

1961 मध्ये ते 'प्रपंच' या मराठी सिनेमात दिसले. कथा गदिमांची, संगीत सुधीर फडक्यांचं आणि समोर सुलोचनाबाई. गरिबी आणि मोठ्या कुटुंबाचं ओझं वाहणाऱ्या कुंभाराची भूमिका त्यांनी केली. पाणी भरण्यापासून गिरणीपर्यंत सगळं भोगलेल्या माणसाला गरिबीचा अभिनय शिकवावा लागला नसणार.

1969 : अडीच महिन्यात तीन माणसं गेली

1969 हे साल महाराष्ट्रासाठी विचित्र ठरलं.

13 जून 1969 ला आचार्य अत्रे गेले. 18 जुलैला अण्णाभाऊ साठे गेले, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, हलाखीच्या परिस्थितीत. आणि 29 ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. लिहिणारा गेला आणि बरोबर सहा आठवड्यांनी गाणाराही गेला. अमर शेख तेव्हा 52 वर्षांचे होते.

त्यांची मुलगी मल्लिका अमर शेख पुढं मराठीतली महत्त्वाची कवयित्री झाली. नामदेव ढसाळ यांच्याशी तिचं लग्न झालं. वडिलांवर तिने 'सूर एका वादळाचा' हे पुस्तक लिहिलं. मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासन आहे.

मग आपण त्यांना विसरलो का ?

कारण साधं आहे. लेखक कागदावर उरतो, गाणारा हवेत विरतो.

अण्णाभाऊंची 'फकिरा' आजही छापली जाते, वाचली जाते, तिच्यावर पीएचडी होतात. पण मैदानातल्या आवाजाचं काय ? वुडी गथ्री 1967 मध्ये गेला, पण त्याचं गाणं त्याच्याच आवाजात आज मोबाईलवर ऐकता येतं, कारण 1940 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कुणीतरी त्याला स्टुडिओत बसवून तासन्‌तास रेकॉर्ड केलं होतं. आपल्याकडं शाहिराला रेकॉर्ड करायला कोण बसलं होतं ? रेडिओ सरकारचा आणि शाहीर सरकारविरोधी. रेकॉर्ड कंपनीला विकला जाणारा माल पाहिजे, संपाची गाणी नकोत. त्यामुळं लाखो लोकांनी जो आवाज ऐकला, त्याच्या ध्वनिमुद्रिका मात्र हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या.

आणखी एक कारण म्हणजे आपण माणसं वाटून घेतली. अण्णाभाऊंच्या जयंतीला एक समाज पुढं येतो, अमर शेखांसाठी कुठला समाज पुढं येणार हा प्रश्न पडतो. पण ज्या कलापथकाने हे दोघं घडवले, तिथं हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता. एका मांगाने लिहिलेलं गाणं एक मुसलमान गात होता, त्याला झील सगळे मिळून देत होते आणि गाण्याचा विषय होता महाराष्ट्र.

आज 'माझी मैना' अनेक जण गातात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये होतं, रील्सवर असतं, डीजेवरही येतं. कॅप्शनमध्ये बऱ्याचदा लिहिलेलं असतं 'पारंपरिक लोकगीत'.

तर ते पारंपरिक नाही. ते वाटेगावच्या तुकाराम भाऊराव साठे यांनी लिहिलंय आणि बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांनी गावोगावी पोचवलंय. पुढच्या वेळी शेअर कराल तेव्हा कॅप्शनमध्ये ही दोन नावं टाका. लिहायला दहा सेकंद लागतात.